माळढोकाचा पुतळा

फार वर्षांपूर्वी वाघजाळीच्या माळावर माळढोक पक्ष्यांचे थवे चरत. माणसांनी त्यांची शिकार केली, गवत नांगरलं आणि शेवटी एकच जोडपं उरलं. मग गावाला त्यांचा फार अभिमान वाटू लागला. सरपंच भुजंगराव बँड लावून माळढोकाचा भलामोठा पुतळा माळावर घेऊन आले.

मादी पुढं येऊन म्हणाली, "इथं खणू नका. इथं माझं अंडं आहे."

"अहो, हा तुमचाच सन्मान आहे," सरपंच म्हणाले. "अंडं जरा बाजूला घ्या."

पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या वत्सलाबाई बेडेकर सोबत आल्या होत्या. त्या तिथंच मांडी घालून बसल्या. "सरपंच, पुतळा तुम्ही दुसरा कराल. असं अंडं करता येईल का?"

भुजंगरावांनी बँडवाल्यांकडे पाहिलं. त्यांच्यातही कुणाला येत नव्हतं. मग पुतळा परत नेऊन सरपंचांच्याच दारात ठेवला. तेव्हापासून ते खिडकीतून ये-जा करतात.

पुढं अंड्यातून पिल्लू निघालं. एकदा ते हिंडत गावापर्यंत गेलं आणि हिरमुसून परतलं. "आई, सरपंचांच्या दारातल्या मावशी माझ्याशी बोलतच नाहीत."

"म्हणून तर माणसांना त्या आवडतात," आई म्हणाली आणि त्याला घेऊन नाकतोडे शोधायला गवतात शिरली.