तरवडाची मोट

आटपाट म्हणा, काही म्हणा, फार वर्षांपूर्वी पाथरमाळ नावाचं गाव होतं. विहीर एकच, आणि तीही पाताळाला भिडलेली. चामड्याच्या मोटेशिवाय पाणी वर येत नसे. मोट करायची वेशीबाहेर राहणारी धुरपा. माळावरच्या पिवळ्याधमक तरवडाच्या सालीत कातडं मुरवावं तर तिनंच! पण रीत काय अजब बघा: तिच्या हातची मोट विहिरीत बुडलेली चालायची, आणि धुरपा कठड्यापाशी आली की पाणी बाटायचं!

एका चैत्रात मोट टराटरा फाटली. गुरांच्या जिभा बाहेर आल्या, पोरं रडून थकली. पाटील धावत वेशीबाहेर आला.

"धुरपे, दिस मावळायच्या आत नवी मोट पायजे!"

"देते की, पाटील. पर पयली ओंजळ माजी. हितं न्हाई, थारोळ्यावर हुबी राहून पिणार."

मोटेचं पाणी पडतं ते थारोळं. पाटलानं हो म्हटलं.

कातडं मुरायला पंधरवडा लागतो हो! धुरपा माळावर गेली, तरवडाच्या झुडपांपुढं पदर पसरला. "बायांनो, गावाचा घसा कोरडा पडलाय. माजाबी. द्या गं!" असं म्हणतात, झुडपांनी आपली साल आपणच सोडली. असं म्हणतात, रांजणातलं पाणी चुलीवाचून उकळलं आणि उन्हं कलायच्या आत कातडं लोण्यासारखं मऊ झालं.

मोट जोडली. बैल विहिरीपासच्या उतारावर, धावेवर, पळाले. गाव नाचू लागलं! तेवढ्यात पाटील हळूच म्हणाला, "धुरपे, तू लांबच हुबी ऱ्हा. पानी धाडतो घरी."

झालं! भरलेली मोट थारोळ्यापाशी आली आणि तिथंच थबकली. एक थेंब सांडेना. बैलांनी गुडघे टेकले, गड्यांनी नाडा ओढला, मोटेची सोंड उलटी करून पाहिली. पाणी डोळ्यांसमोर हेलकावत होतं आणि गाव तहानेनं तडफडत होतं.

शेवटी पाटलाचीच म्हातारी आई कडाडली, "मेल्या, दिलेला शबूद पाळ!"

धुरपा थारोळ्यावर चढली. तिनं ओंजळ धरली, आणि असं म्हणतात, मोट धबाबा कोसळली! धुरपा पोटभर प्यायली. मग गाव प्यायलं, गुरं प्यायली.

आता तिथं विजेचा पंप आहे. तरीही दर चैत्रात पंपाला तरवडाच्या फुलांचा हार पडतो, आणि धुरपाच्या घरची लेक थारोळ्यावर उभी राहते. पाटलाच्या घरचा कर्ता खाली वाकून तिच्या ओंजळीत पाणी ओततो. ती पिऊन "आता प्या" म्हणेपर्यंत, पाहुणा असो की मंत्री, पाथरमाळात कोणी ओठ ओले करत नाही.