रिकाम्या आभाळातल्या घिरट्या

माळावरच्या कड्यात अजून गिधाडं नांदत होती, तेव्हाची ही गोष्ट. त्यांची एक रीत होती. मेलेलं जनावर दिसलं, की आधी वर घिरट्या घालायच्या. त्या बघून लांबलांबची गिधाडं जमायची आणि मग सगळी मिळून उतरायची.

एका दुष्काळात भुरा नावाच्या गिधाडाला ओढ्याकाठी मेलेला रेडा दिसला. एवढ्याशात सगळ्यांना वाटा कशाला द्यायचा, म्हणून तो गुपचूप खाली उतरला.

पण रेड्याचं जाड कातडं त्याच्या चोचीने फाटेना. ते फाडणारी चोच थव्यात फक्त एका म्हातारीची होती. भुरा दिवसभर टोचून दमला. दुसऱ्या दिवशी तो उपाशीपोटी वर गेला आणि घिरट्या घालू लागला. कोणीच आलं नाही.

बाभळीवरचा कावळा म्हणाला, "कोणाला बोलावतोस बाबा? काल कुठंच घिरट्या दिसल्या नाहीत, म्हणून सगळी डोंगरापलीकडे निघून गेली. म्हातारी तुझ्यासाठी थांबली होती, शेवटी तीही गेली. जाताना म्हणाली, भुराही उपाशीच असणार. काही मिळालं असतं तर त्याने कळवलं असतं."

भुरा अंधार पडेपर्यंत फिरत राहिला. खाली रेडा अख्खाच पडला होता.