चौदा सूचना आणि कोनाळी फाटा

"पण मग चुकतं कुठे, आप्पा?"

निरंजन हिंगमिरेने हे तिसऱ्यांदा विचारलं. आप्पा मठाच्या ओसरीवर मांडी घालून तुरीच्या शेंगा सोलत होते. दाणे वाटीत, टरफलं उपरण्याच्या पदरात.

"सगळं नीट पाळतो मी. तरी हल्ली प्रवास झेपत नाही. छातीत दाटतं, हाताला घाम सुटतो. दोन डॉक्टर झाले. दोघंही म्हणाले, काही नाही."

"नसेल की," आप्पा म्हणाले.

कोनाळीचा मठ म्हणजे काही फार मोठा नव्हे. दोन खोल्या, एक ओसरी आणि दारात लिंबाचं झाड. सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्यापासून पायी पंधरा मिनिटांवर. आप्पा तिथले जंगम. जंगम म्हणजेच फिरणारा. बारशाचा पाळणा असो की मयताची माती, पंचक्रोशीतल्या लिंगायत घरांतून बोलावणं आलं की आप्पा निघायचे, तेही पायी. चाळीस वर्षं ते असे फिरले. आता ऐंशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी काठी टेकत फाट्यापर्यंत रोज जात.

निरंजन याच गावचा. पुण्यात साखर कारखान्यांना बॉयलर पुरवणाऱ्या कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. महिन्यातले वीस-बावीस दिवस दौऱ्यावर. कंपनीत त्याचं नावच पडलं होतं, 'फिरतीतला उस्ताद'. त्याचं विमान कधी चुकलं नाही, त्याची बॅग कधी हरवली नाही, बैठकीला तो कधी धापा टाकत शिरला नाही. पुढच्या आठवड्यात चाळीस नव्या इंजिनिअरांपुढे त्याचं भाषण होतं. विषय, दौऱ्याचा ताण कसा कमी करावा.

"चौदा सूचना लिहून काढल्यात," निरंजन म्हणाला. "पंधरावी सापडत नाही. तुम्ही जन्मभर फिरलात. म्हटलं, आज तासभर लवकर निघून तुम्हाला विचारावं."

"वाच की."

निरंजनने घडी केलेला कागद उलगडला. घसा साफ केला. वाचताना त्याचा आवाज आपोआप सभेतला झाला.

"एक. दौऱ्याची बॅग कायम भरलेली ठेवा. दाढीचं सामान, औषधं, चार्जर, सगळं वेगळं विकत घ्या. घरातलं उचलून नेऊ नका."

"चांगलं आहे."

"दोन. निघण्याच्या वेळेत एक तास जास्तीचा धरा. धावपळ झाली की दिवस नासतो."

"अगदी खरं."

"तीन. पहिल्या दिवशी बाहेरचं तिखट खाऊ नका. दहीभात मागा. चार. हॉटेलात आतली खोली मागा, रस्त्याकडची नको. पाच. सकाळी पूर्वेकडे निघालात तर गाडीत मागे डावीकडे बसा. ऊन लागत नाही, काम करता येतं."

आप्पा मान डोलावत होते. थट्टा नव्हती. त्यांना खरंच पटत होतं. निरंजनला बरं वाटलं. वडीलही असंच मान डोलवायचे, हे त्याला आठवलं आणि त्याने पुढची सूचना जरा घाईने वाचली.

वडील, शिवलिंगप्पा, एसटीत कंट्रोलर होते. गाड्या वेळेवर सोडण्यात जन्म गेला. गाडी वेळेत सुटली तर त्या दिवशी घरी येऊन हसायचे, लेट झाली तर जेवणात लक्ष नसायचं. वेळेचं हे वेड निरंजनने त्यांच्याकडूनच घेतलं होतं. आई गेल्यावर ते गावात एकटे राहिले. पुण्याला यायला तयार नव्हते. कार्तिकात तापाचं निमित्त झालं आणि गेले. त्याला तीन महिने होत आले होते.

"नऊ. कामाच्या दौऱ्यात घरची कामं घुसवू नका. वाटेत ओळखीचं गाव लागलं म्हणून वळू नका. पाच मिनिटांचा दीड तास होतो."

आप्पांनी एक शेंग उचलली. सोलली नाही. परत ठेवली.

"पुढं?"

"दहा, बिलांबद्दल आहे, ते सोडा. अकरा. दौरा रद्द झाला तर ज्यांचं काम अडणार आहे त्यांनाच कळवा. साऱ्या जगाला कळवत बसलं की ताण दुप्पट होतो."

"ते परत वाच."

निरंजनने परत वाचलं.

आप्पांनी पदरातली टरफलं ओसरीखाली झटकली. शेळी आली, तिने तोंड लावलं.

"छातीत दाटतं म्हणालास. कुठं सुरू होतं?"

"कुठं म्हणजे… सोलापूर सोडलं की."

"लगेच?"

"नाही. अर्ध्या-पाऊण तासाने."

"म्हणजे आपला फाटा."

निरंजनने नजर कागदाकडे वळवली.

"या रस्त्यानं किती वेळा गेलास?"

"दोन वर्षं. एक बुधवार सोडून एक बुधवार. सीमेपलीकडे दोन कारखाने आहेत आमच्याकडे."

"आणि आत किती वेळा आलास?"

"आप्पा, दहाची वेळ असायची इथून जायची. साडेअकराला तिथे बॉयलर बंद करून माणसं वाट बघत उभी. वळणं शक्य नव्हतं." त्याचा आवाज चढला. "दिवाळीला येत होतो. फोन तर रोज करत होतो. आणि गेले तेव्हा मी बडोद्यात होतो. बडोद्यात! सात तासांत इथे पोचलो. माती माझ्या हातून झाली. बॅग भरलेली नसती, तर जमलं नसतं ते."

"पोचलास की," आप्पा म्हणाले. "वेळेत पोचलास."

आप्पांनी पुढची शेंग हातात घेतली. "फोनवर काय बोलायचा शिवलिंग?"

"काय बोलणार? तेच तेच. कधी निघतोस, कुठल्या गाडीनं, गाडीचा नंबर काय. कंट्रोलरची खोड. कंपनीची गाडी दर वेळी वेगळी असते. मी आपला नंबर पाठवून द्यायचो. म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो."

"तळहातावर लिहायचा," आप्पा म्हणाले.

"काय?"

"नंबर. बुधवारी सकाळी विभूती घ्यायला यायचा तेव्हा हात पुढं करायचा. तळव्यावर शाईनं नंबर लिहिलेला असायचा. मी म्हटलं, शिवलिंग, हे काय रे? तर म्हणाला, आज दहाला पोराची गाडी आहे."

निरंजनच्या हातातला कागद हळूहळू खाली आला.

"साडेनवाला फाट्यावर जाऊन बसायचा. चहाच्या टपरीजवळ बाक आहे, तिथं. तुझी गाडी आली की उभा राहायचा. हात वर करायचा. गाडी गेली की घरी. जाताना मठात डोकावायचा. म्हणायचा, झाली भेट. कधी म्हणायचा, आज निळा शर्ट होता. कधी म्हणायचा, फार वाळलाय, मान वर करत नाही."

"त्यांनी मला… कधी सांगितलं नाही."

"मी म्हटलं होतं त्याला. सांग की पोराला, दोन मिनिटं थांबंल. तर माझ्यावरच डाफरला. म्हणाला, आप्पा, तुम्हाला काय कळतं? चालती गाडी थांबवली की पुढचं सगळं कोलमडतं. दहा म्हणजे दहाला जातो माझा पोरगा. दोन वर्षांत एकदा चुकला नाही. निरंजन, तू दहा मिनिटं जरी मागंपुढं झाला असतास, तर त्याला बसवलं नसतं रे तिथं. तुझ्या वेळेच्या भरवशावर बसायचा तो."

निरंजनला आठवत होतं. फाट्यावरची टपरी आठवत होती, म्हणजे तिथे टपरी आहे एवढं आठवत होतं. बाक आठवत नव्हता. माणूस तर नव्हताच. दोन वर्षं. पन्नासेक बुधवार. त्या वेळी तो मागे डावीकडे बसून मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये बॉयलरचे आकडे बघत असे, आणि पुढे बसलेल्या ड्रायव्हरला कधीमधी कुणी म्हातारा दिसलाही असेल.

"दौरा रद्द झाला होता एकदा," आप्पा म्हणाले. "दसऱ्यानंतर."

निरंजनने डोळे मिटले. झाला होता. कारखान्यातून आदल्या संध्याकाळी फोन आला, या खेपेला नको. त्याने हॉटेल रद्द केलं, गाडी रद्द केली, चार माणसांना कळवलं. वडिलांना नाही. ते कुठे आपल्याला भेटणार होते? त्यांचं काम कुठे अडणार होतं?

"ऊन भारी होतं त्या दिवशी. दुपारी बारा वाजले तरी हा परतला नाही म्हणून मी गेलो. उभाच होता. म्हटलं, चल. म्हणाला, गाडी लेट आहे, येईल. एक वाजता परत म्हटलं. म्हणाला, पंक्चर झाली असेल, येईल. दोनला मी हात धरून आणला. अंग तापलं होतं. वाटेत मला म्हणतो, तुम्ही मला आणलंत, आणि गाडी आता येऊन गेली तर?"

"तो ताप…"

"नाही. त्यातनं बरा झाला. त्यानंतरचे दोन बुधवारही गेला. दोन्ही वेळा दिसलास. आनंदात होता." आप्पा थांबले. "तुझ्या डोक्यावर ते ओझं घालत नाही मी. जे नाही ते कशाला सांगू?"

निरंजनने कागद दोन्ही हातांत धरला आणि मधोमध फाडायला घेतला. आप्पांनी पुढे वाकून त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात हलका होता, पण निरंजनला पुढे फाडता आलं नाही.

"राहू दे. पोरांना लागेल. चांगलं लिहिलंयस."

"काय चांगलं आहे यात?"

"दहीभाताचं चांगलं आहे."

निरंजन हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा मोडला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस ओसरीच्या खांबाला कपाळ टेकून रडला. मातीच्या दिवशी तो रडला नव्हता. त्या दिवशी परतीचं तिकीट, दाखला, पाहुण्यांच्या गाड्या, सगळं त्यानेच पाहिलं होतं आणि सगळे म्हणाले होते, किती सांभाळून घेतलं पोरानं.

आप्पांनी त्याला रडू दिलं. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, जवळ ठेवलं, आणि पुन्हा शेंगा सोलायला बसले.

"आप्पा, ते मला माफ करतील का?"

"तो रागावलाच नव्हता. माफ कसला करणार?"

हे ऐकून निरंजनला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाच्या पायावर डोकं ठेवता येतं. हसतमुखाने हात वर करून घरी परत गेलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने स्वतः चाळीस जणांना शिकवायला घेतलं होतं, त्यातही ते नव्हतं.

त्याचा फोन वाजला. ड्रायव्हर होता. साहेब, निघायचं ना? उशीर होतोय.

"तू गाडी घेऊन फाट्यावर थांब," निरंजन म्हणाला. "मी चालत येतो." मग थोडं थांबून त्याने कारखान्यातही फोन लावला. "मला आज उशीर होईल. नाही, गाडी ठीक आहे. मीच… मीच थांबलोय." असं वाक्य त्याने नोकरीत पहिल्यांदाच उच्चारलं होतं. पलीकडचा माणूस नुसता "बरं साहेब" म्हणाला. काहीही कोलमडलं नाही.

"आप्पा, ती जागा दाखवाल?"

आप्पांनी काठी घेतली.

दोघं चालत निघाले. दोन्ही बाजूंना काढणीला आलेली तूर होती. आप्पा वाटेत दोनदा थांबले. एकदा कुणाच्या बैलाची चौकशी केली, एकदा नुसतेच. निरंजनने घड्याळाकडे पाहिलं, मग हात खिशात घातला.

फाट्यावर बाभळीखाली सिमेंटचा बाक होता. आप्पा एका टोकाला बसले. दुसरं टोक मोकळं होतं. निरंजन आधी उभाच राहिला.

समोरून गाड्या जात होत्या. सोलापूरकडून येणारी गाडी चढावर दिसायची, मोठी व्हायची आणि वाऱ्याचा एक फटका मारून निघून जायची. निरंजन इंजिनिअर होता. त्याने नकळत मोजलं. माणूस ओळखू येईल इतक्या जवळ गाडी असते ती फार तर दोन सेकंद. पन्नास बुधवारांची मिळून दोन मिनिटंसुद्धा भरत नव्हती.

तो खाली बसला.

एक पांढरी गाडी आली. आप्पांनी हात वर केला. गाडी गेली. मग एक मालट्रक आला. आप्पांनी हात वर केला. मग काळी काच असलेली एक लांबलचक गाडी आली, मागच्या सीटवर कुणीतरी मान खाली घालून बसलं होतं की काय, ते काही नीट दिसलं नाही. आप्पांनी तिलाही हात केला.

निरंजनचा हात मांडीवरून उचलला गेला, छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"ओळखीचे आहेत का, आप्पा?"

"नाही."

"आत कोण बसलंय, ठाऊक तरी आहे?"

"नाही की."

"मग हात कुणाला करता?"

चढावर आणखी एक गाडी दिसू लागली होती. आप्पा काठीवर भार देऊन उभे राहिले.

"त्यांना तरी कुठं ठाऊक आहे, कुणी वाट बघत उभं आहे ते…"