पुरणपोळीच्या पंगतीत कोण हसलं

“पण मग उलटी फिरली ती कुठली? एवढंच सांगा, बुवा!”

केसरगीरबुवा केळीची पानं पुसत होते. विचारणारा सुयोग मांडवगणे, विद्यापीठात लोहचुंबकावर संशोधन करणारा. चष्मा जाड, मान ताठ. मठात आल्यावर पाया पडला, तोही उपकार केल्यासारखा.

“नीट सांग की. इथं कुणाला कळतंय?” बुवा म्हणाले. तेही माझ्याकडे बघून!

सुयोगनं सांगितलं. चुंबकात म्हणे अब्जावधी बारीक सुया असतात. मोजल्या कुणी, देव जाणे. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. जराशी ऊब लागली की चुंबकाचा जोर किंचित उतरतो. म्हणजे एखादी सुई उलटी फिरत असणार. पण सगळ्या शेजारणींच्या विरुद्ध एकटीनं फिरायचं तर ऊब फार लागते. कडाक्याच्या थंडीत तेवढी नसतेच. तरी जोर उतरतो!

“सोमवारी गाईड मॅडमना उत्तर द्यायचंय. नाही दिलं तर विषयच काढून घेणार. सगळी मेहनत पाण्यात.”

“हं…” बुवा म्हणाले. “आधी पंगत.”

आमच्या मठाचा एक नियम आहे. पंगतीत हसायचं नाही. हसला त्यानं पान सोडून उठायचं. आधीच्या बुवांनी घालून दिलेला. त्यांचे स्वतःचे दात पडले होते, दुसऱ्याचे बघवत नसणार.

त्यात त्या दिवशी पुरणपोळी. वर तुपाची धार. उठायची कुणाची छाती?

बुवांनी सुयोगला पंगतीसमोर उभं केलं. “तू शिकलेला. लक्ष ठेव. हसेल त्याला उठव. त्याची पोळी तुझी.”

सुयोगनं चष्मा पुसला.

बुवा टोकाला बसले. पानातली हिरवी मिरची उचलली आणि कारकुनानं पेन्सिल खोवावी तशी कानावर खोवली. दुसरी दुसऱ्या कानावर. मग डोळे मिटून गंभीर आवाजात श्लोक सुरू केला.

शेजारच्या गेनबा पैलवानाचा ओठ थरथरला. त्यानं तो दाबला, तोवर पोस्टातल्या दळव्यांचे खांदे हलले. ते सावरतात तोच माझं पोट. मी श्वास कोंडला, तर पलीकडे राधाक्काच्या बांगड्या वाजल्या. असं करत हसू सरसर शेवटच्या पानापर्यंत गेलं आणि भिंतीला आपटून परत आलं.

जागचं कुणी हललं नाही. तोंड उघडून कुणी हसलं नाही.

“सापडला?” बुवांनी विचारलं.

सुयोग गेनबापुढं उभा राहिला. “तुम्ही हसलात.”

“मी? जरासा ओठ हलला. त्याला हसणं म्हणतात होय? दळव्यांना विचार.”

“माझे नुसते खांदे,” दळवी म्हणाले. “पुढं सरक.”

“आणि बांगड्या वाजल्या त्यात माझा काय गुन्हा, लेकरा?” राधाक्का म्हणाली आणि पोळी दुमडून तोंडात घातली.

“पण हसू आलं होतं!” सुयोग ओरडला. “अख्खं! इकडून तिकडं जाताना मी पाहिलंय! एक अख्खं हसू, आणि हसलेला माणूस एकही…”

तो थांबला.

आमटी गार व्हायला लागली. आम्ही वाट बघत होतो…

“अख्खं हसलं तर पोळी जाते,” तो पुटपुटला. “म्हणून प्रत्येकानं थोडं थोडं… परवडेल एवढंच…”

एकदम खाली बसला. पानांभोवतीची रांगोळी चिमटीत घेऊन जमिनीवर सुया काढू लागला. एक जराशी कललेली. तिच्या शेजारची तशीच, पण कल किंचित फिरलेला. पुढची आणखी जरा. ओळ पंगतीच्या टोकापर्यंत नेली. उलटी एकही नाही. “सगळ्यांचा कल मिळून एका उलट्या सुईएवढा!” दळव्यांच्या पानाभोवतीची सगळी रांगोळी गेली.

मग तो मागं सरकला, ओळीकडं बघितलं, आणि हसला. तोंड उघडून, खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“बुवा, हा बघा हसला!” गेनबा ओरडला आणि स्वतःच फुटला. मग कोण थांबतंय? सगळी पंगत.

सुयोगनं डोळे पुसले. “बुवा, आता मी उठवू तरी कुणाला?”

बुवांनी कानावरची मिरची काढली आणि तिचा तुकडा मोडला.

“हसण्याला उठव. माणसं जेवू देत.”