सात नंबरचा पाय

"…मग लाल घेऊ की पांढरे, एवढंच सांगा बुवा."

इंद्रजितने दोन्ही खोकी मठाच्या ओट्यावर उघडून ठेवली. अच्युतबुवा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी लाल बुटांकडे पाहिलं नाही, पांढऱ्यांकडेही नाही. ते नदीवरून वर सरकणारं धुकं पाहत होते.

"आत्ता नाही. दिवेलागणीला बघू."

"सकाळी काय बिघडलंय?"

"सकाळी पाय झोपेत असतो. काहीही विचारलं तरी हो म्हणतो."

इंद्रजित हसला, पण मनातून चिडला. जिल्ह्याचा अजिंक्यवीर तो, सांगलीहून पहिल्या गाडीने आलेला, आणि इथे त्याला शेंगांच्या ढिगाशेजारी ताटकळत बसवलं जात होतं.

पण दुसऱ्या कुणाला विचारणार? टेबल टेनिसची बॅट त्याच्या हातात पहिल्यांदा बुवांनीच दिली होती. पंगतीच्या मांडवात एक टेबल होतं. कुणा भक्ताने नवस फेडायला दिलेलं. नवस कसला होता ते देव जाणे. बुवा धोतर खोचून, अनवाणी खेळायचे आणि सहावीतल्या इंद्रजितला रडवायचे. गुरुवारी टेबल घडी होऊन भिंतीला लागायचं, कारण त्या दिवशी पंगत.

आज गुरुवार होता.

"आलाच आहेस तर वाढायला घे," बुवा म्हणाले.

तो वाढू लागला. आमटीची बादली, मग भात, मग पुन्हा आमटी. शहाबादी फरशीवर वाकून, सरकत. एक पंगत उठली की दुसरी बसत होती. दुपारचं ऊन मांडवाच्या फटींतून खाली आलं होतं आणि वाफेत विरत होतं. माणसं जेवत होती, बोलत होती, पण त्याला ते सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं.

वाढता वाढता त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. रविवार.

रविवारी पुण्यात राज्याच्या संघाची निवड होती. त्याची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी तो शेवटच्या लढतीत, पाचव्या गेममध्ये हरला होता. चार गेम वाघासारखा खेळायचा आणि पाचव्यात उजव्या कोपऱ्यातला चेंडू नुसता बघत राहायचा. बूट घसरतात, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. यंदाही जमलं नाही तर बॅट ठेवून द्यायची, असा घरी शब्द दिलेला. वडिलांनी नोकरीचा अर्ज भरून ठेवला होता, सही तेवढी बाकी होती.

त्याला भीती वाटत होती. चारचौघांत तो ती दिसू देत नव्हता, पण वाटत होती.

ऊन उतरलं. भांडी घासून झाली, माणसं पांगली. नदी आणि आभाळ एकाच रंगाचे झाले. काठावर कुणीतरी गाईला हाका मारत होतं, आणि ती हाक धुक्यात बराच वेळ रेंगाळली.

बुवा आतून घंगाळ घेऊन आले. पाण्यातून वाफ निघत होती.

"बस ओट्यावर."

तो बसला. बुवांना पाय धुवायचे असतील म्हणून त्याने लगबगीने तांब्या उचलला. गुरुपौर्णिमेला याच ओट्यावर बुवांचे पाय धुवायला नदीपर्यंत रांग लागायची. तोही त्या रांगेत उभा राहिला होता.

बुवांनी तांब्या त्याच्या हातून काढून घेतला आणि खाली, पायरीवर, त्याच्या पायांशी बसले.

"बुवा!… हे काय? उठा!"

"पाय दे."

"पाप लागेल मला."

"लागू दे. मापाचं असलं म्हणजे झालं."

त्यांनी त्याचा उजवा पाय घंगाळात ठेवला. इंद्रजितने तो झटकन काढून घेतला. पाणी बुवांच्या धोतरावर उडालं.

बुवांनी धोतर पिळलं. तसेच बसून राहिले…

"बुटांच्या दुकानातही असंच करतोस?" त्यांनी विचारलं.

"कसं?"

"पाय काढून घेतोस?"

बुवांना हे कसं कळलं? मग त्याला आठवलं, मठात येण्याआधी बुवांचं सांगलीत चपला-बुटांचं दुकान होतं. बावीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. बुटक्या स्टुलावर बसायचं आणि गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचा.

"दुकानातले काका म्हातारे आहेत," तो म्हणाला. "माझ्या आजोबांच्या वयाचे. ते खाली बसतात, पायाला हात लावतात… मला कसंतरीच होतं."

"मग?"

"मग मी उभा राहतो. म्हणतो, बरोबर आहे काका, द्या बांधून."

"किती नंबर?"

"सात. पंधराव्या वर्षापासून सातच. हे लालही सातच."

"आता वय काय तुझं?"

"बावीस."

बुवांनी मान हलवली. "पंधराव्या वर्षी कुणाच्या लग्नाला शिवलेला सदराही येत असेल मग."

इंद्रजितला हसू आलं नाही. आपण पाय काढून घेतो ते मान राखायचा म्हणून, की कुणी आपल्याला तपासू नये म्हणून, हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आज तो प्रश्न आला, आणि त्याला तो अजिबात आवडला नाही.

"हे पांढरे कुणी निवडले?"

"त्या काकांनीच. मी दुकानात शिरलो तेव्हा त्यांनी माझी चाल पाहिली आणि न विचारता मागून काढून आणले. आठ नंबर. म्हणाले, घरी घालून बघ, नको वाटले तर शनिवारपर्यंत परत कर." त्याने नाक मुरडलं. "पुढून किती रुंद आहेत! होडीच नुसती. लाल कसे चपळ दिसतात. मोठमोठे खेळाडू हेच घालतात."

"त्यांचे पाय पाहिलेस?"

"बूट पाहिले."

"हं."

बुवांनी पुन्हा हात पुढे केला. या वेळी नुसता तळवा उघडा धरला. अंधारत चाललेल्या पायरीवर तो हात तसाच राहिला. काठावरची हाक केव्हाच थांबली होती. पाणी निवत होतं.



इंद्रजितने पाय खाली सोडला.

बुवांनी तो धुतला. उपरण्याने बोटांच्या मधूनमधून पुसला. मग लाल बूट उचलला, नाडी सैल केली, मोजा चढवला आणि बूट घालून टाच आत बसवली. त्यांची बोटं हे सगळं सवयीने करत होती. कुणीतरी झोपेत आपलीच अंगाई गुणगुणावी तसं.

"बूट पायाला दोन ठिकाणी भेटतो," ते पुटपुटले. "टाच त्याने धरून ठेवायची. बोटं मोकळी सोडायची. बाजूला झेप घेशील तेव्हा टाच हलता कामा नये आणि बोटांना पसरायला अंगण हवं. एवढंच आहे. लोक रंग विचारतात."

"बरोबर आहे हा," इंद्रजित घाईने म्हणाला. "घट्ट बसलाय. छान आहे."

बुवांनी अंगठा बुटाच्या टोकावर ठेवला आणि दाबला.

"इथे?"

"बरोबर आहे."

अंगठा करंगळीच्या बाजूला सरकला.

"इथे?"

"बरोबर आहे, बुवा."

अंगठा परत टोकावर आला. मोठ्या बोटावर. तिथेच थांबला. बुवा वर पाहत नव्हते. म्हाताऱ्या माणसाचं टक्कल, ओलं धोतर, आणि एका पायावर ठेवलेला तो अंगठा. दाबत नव्हता, नुसता वाट पाहत होता.

इंद्रजितला दोन्ही वेळचा पाचवा गेम आठवला. उजव्या कोपऱ्यात गेलेला चेंडू आठवला. त्या चेंडूकडे आपण का गेलो नाही, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. घरी मोजे काढताना आपण दार का लावून घेतो, हे आईलासुद्धा माहीत नव्हतं. बूट घसरले नव्हते कधी.

"इथे?" बुवांनी पुन्हा विचारलं.

"…दुखतं."

त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"फार दुखतं, बुवा. दोन वर्षं झाली."

बुवांनी लाल बूट हळूच काढला. मोजा काढला. दोन नखं काळीनिळी पडली होती, बुवांनी धुतानाच पाहिलेली. एक मुळापासून सुटत आलं होतं. त्यांनी तो पाय आपल्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ दोन्ही हातांत धरून ठेवला. इंद्रजित रडत होता. त्याने पाय काढून घेतला नाही.

मठात कुणीतरी दिवा लावला…

"आता दुसरा पाय दे," बुवा म्हणाले.