तीन अक्षरे, मध्ये म

नदीकाठी एक लहान देऊळ होते. देवळात महादेव होते. महादेवांपुढे कमळ होते. बाजूला समई होती. समईच्या वरच्या कोनाड्यात तेलाने भरलेला चमचा होता. वर तुळईवर चिमणी होती. त्रिशूळाला डमरू होता. महादेव सोडले, तर या सगळ्यांची, कमळ, समई, चमचा, चिमणी, डमरू यांची, नावे तीन अक्षरांची. सगळ्यांच्या मध्ये म.

आणि एक होती मुंगी. तिची अक्षरे दोनच. तिचा म पुढे.

त्या दिवशी सोमवार होता. मुंगीच्या आत्याला उपास होता. पण आत्याचा पाय दुखत होता. तिला देवळात येववेना. म्हणून मुंगी एकटीच आली. तिने प्रसादाच्या साखरेचा एक कण उचलला. तुरु तुरु, तुरु तुरु, मुंगी घरी निघाली.

वाटेत कमळ आले. मुंगी पाकळीवर चढली. पाय घसरला. साखर आत पडली. टुपकन.

संध्याकाळ झाली होती. कमळ मिटले. साखर आत, मुंगी बाहेर.

मुंगी म्हणाली, "कमळराव, कमळराव, उघडता का? साखर मिळेना, आत्याचा उपास सुटेना."

कमळ म्हणाले, "मी नाही उघडत. क, म, ळ. माझी अक्षरे तीन, तुझी दोन. समई उजळली, तर बघू. आणि लवकर कर. गुरवकाका परडी घेऊन येतील. मिटलेली फुले घेऊन जातील."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी समईकडे गेली. समईची ज्योत अगदी बारीक झाली होती.

"समईबाई, समईबाई, उजळता का? कमळ उघडेना, साखर मिळेना, आत्याचा उपास सुटेना."

समई म्हणाली, "मी नाही उजळत. स, म, ई. माझी अक्षरे तीन, तुझी दोन. तेल संपत आले माझे. चमचा कलंडला, तर बघू."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी कोनाड्यात चढली.

"चमचेभाऊ, चमचेभाऊ, कलंडता का? समई उजळेना, कमळ उघडेना, साखर मिळेना, आत्याचा उपास सुटेना."

चमचा म्हणाला, "मी नाही कलंडत. च, म, चा. माझी अक्षरे तीन, तुझी दोन. चिमणीने चोच मारली, तर बघू."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी तुळईवर गेली. चिमणीने डोळे घट्ट मिटले होते.

"चिमणीताई, चिमणीताई, उठता का? चमचा कलंडेना, समई उजळेना, कमळ उघडेना, साखर मिळेना, आत्याचा उपास सुटेना."

चिमणी म्हणाली, "मी झोपले आहे. झोपलेल्यांशी बोलू नये."

"मग तुम्ही कशा बोलता?"

"झोपेत बोलते. मी नाही उठत. चि, म, णी. माझी अक्षरे तीन, तुझी दोन. डमरू वाजला, तर बघू."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी खाली उतरली. त्रिशूळापाशी गेली.

"डमरूबुवा, डमरूबुवा, वाजता का? चिमणी उठेना, चमचा कलंडेना, समई उजळेना, कमळ उघडेना, साखर मिळेना, आत्याचा उपास सुटेना."

डमरू म्हणाला, "ड, म, रू. माझी अक्षरे तीन. तुझी दोन. पण मी तुला एक संधी देतो. एक शब्द सांग. तीन अक्षरे, मध्ये म. मग वाजेन."

मुंगी म्हणाली, "मुंगळा."

"अक्षरे तीन. पण म पुढे पळाला."

"गरम."

"अक्षरे तीन. पण म मागे राहिला."

"कमळ."

"तो शब्द कमळाचा."

"समई. चमचा. चिमणी."

"ते शब्द त्यांचे."

"डमरू."

"तो तर मीच."

मुंगीने पुष्कळ विचार केला. आणखी शब्द सुचेना. बाहेर गुरवकाकांच्या खडावा वाजल्या. खट खट, खट खट.

मुंगी म्हणाली, "राहू द्या, बुवा. मी जाते."

ती उंबऱ्यापाशी गेली. तिथे थांबली. मागे वळली. काही मिळो, न मिळो, देवापुढे वाकल्यावाचून जायचे नाही, असे आत्याने शिकवले होते. मुंगीने आपले इवलेसे डोके जमिनीला टेकवले.

डमरू म्हणाला, "थांब. हे काय करतेस?"

मुंगी म्हणाली, "नमन."

"पुन्हा म्हण."

"नमन."

डमरू म्हणाला, "न, म, न." आणि वाजला. डुम डुम, डुम डुम.

डमरू वाजला, चिमणी उठली. चिव चिव.
चिमणी उठली, चमच्याला चोच मारली. टक टक.
चमचा कलंडला, तेल सांडले समईत. ठिप ठिप.
तेल पडले, समई उजळली. लख लख.
समई उजळली, कमळ उघडले. अलगद, अलगद.
कमळ उघडले, साखर मिळाली.

तेवढ्यात गुरवकाका परडी घेऊन आत आले. त्यांनी कमळ पाहिले. "हे फूल अजून ताजे आहे. राहू दे देवापुढे," असे म्हणून त्यांनी परडी खाली ठेवली.

मुंगी साखर घेऊन निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. ती बिळात आली. आत्या दाराशीच बसली होती.

आत्या म्हणाली, "केवढा उशीर, बाळ. कुठे होतीस?"

मुंगी म्हणाली, "आत्या, डमरू वाजेना, चिमणी उठेना, चमचा कलंडेना, समई उजळेना, कमळ उघडेना, साखर मिळेना. मग मी नमन केले. मग सगळे झाले."

आत्याने हात जोडले. साखरेचा कण तोंडात घातला. आत्याचा उपास सुटला.

आत्या हसली. म्हणाली, "गंमत."

मुंगीने हळूच मोजले. गं, म, त.

तीन अक्षरे. मध्ये म.

मुंगीची साखर आत्याच्या पोटात, मुंगीची गोष्ट तुझ्या कानात. आता एक शब्द तू सांग.