चित्रावरून घेतलेला चष्मा

मला एक सांगा, तुम्ही विश्वास कोणावर टाकाल? "माल एक नंबर आहे" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर, की "नको झाला तर परत आणा" म्हणणाऱ्यावर? घाईने उत्तर देऊ नका. आधी गोष्ट ऐका.

फार पूर्वी खाडीच्या तोंडाशी एक बंदर होतं. तिथे दर बुधवारी बाजार भरायचा आणि त्या बाजाराची एक रीत होती. विकणाऱ्याने माल गिऱ्हाइकाच्या हातात देताना मोठ्याने म्हणायचं, "नको झालं तर पुढच्या बाजारी आण." घोंगडी विकली तरी म्हणायचं, चाळण विकली तरी म्हणायचं. हे म्हटल्याशिवाय सौदा पुरा झाला असं कोणी मानत नसे. माल न वापरता, न मळवता परत आला की कारण न विचारता पैसे द्यायचे. एका तांबटाने एकदा "का नको?" असं विचारलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, "सासूला आवडलं नाही. घरी येऊन तिला विचारता का?" तेव्हापासून तोही विचारायचा बंद झाला.

अशा बाजारात एका अडत्याने नवं दुकान थाटलं. दुकानात माल नव्हताच. होती फक्त रंगीत चित्रांची एक जाडजूड चोपडी. आपण चित्रावर बोट ठेवायचं, पैसे आगाऊ द्यायचे, आणि समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्याने दीड महिन्याने गलबतातून वस्तू धाडायची. अडत्याला त्यात दलाली. गाठोडं हाती देताना अडत्या गोड हसायचा, पण ते नेहमीचं वाक्य काही म्हणायचा नाही. लोकांच्या कानाला ते इतकं सवयीचं झालं होतं, की ते म्हटलं गेलं नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

गावात येसू नावाची एक शिंपीण होती. तिला जवळचं दिसेनासं झालं होतं. लग्नसराई दोन-अडीच महिन्यांवर, तीन घरच्या चोळ्या शिवायला घेतलेल्या, आणि सुईत दोरा ओवता येईना. गावात काच घासणारा होता, पण चित्राला भुलून तिने साठवलेलं सगळं देऊन चोपडीतला एक चष्मा मागवला.

चष्मा आला. दिसायला देखणा, काचेवर ओरखडासुद्धा नाही. पण तो तिच्या डोळ्यांचा नव्हता. घातला की होती नव्हती ती सुईही दिसेनाशी व्हायची. पुढच्या बुधवारी ती तो फडक्यात गुंडाळून दुकानात घेऊन गेली.

अडत्याने तिला बसायला दिलं, पाणी दिलं आणि मग परक्या लिपीतला एक कागद काढला. त्यात म्हणे असं लिहिलं होतं, की परत करायचा माल ज्याचा त्याने आपल्या खर्चाने समुद्रापलीकडे पोचवायचा. ते भाडं चष्म्याच्या किमतीच्या दीडपट. शिवाय मुदत आठ दिवसांची, आणि ते आठ दिवस मोजायचे माल तिकडच्या बंदरातून निघाला तेव्हापासून.

"माझ्या हातात पडायच्या आधीच मुदत संपली?" येसू म्हणाली. "मग मुदत दिली होती कोणाला, गलबताला?"

"येसूमावशी, माझ्यावर कशाला चिडता? मी मधला माणूस. विकणारा तिकडे बसलाय."

आता सांगा, संताप यावा की नाही? पैसे घ्यायला माणूस दाराशी, आणि परत द्यायची वेळ आली की तो समुद्रापार. वाचता न येणाऱ्या कागदाला संमती दिली म्हणायचं, आणि संपलेल्या मुदतीला सवलत. ह्याला धंदा म्हणत असतील, तर पाकीटमारांनीही पाटी लावायला हरकत नाही.

येसूने ही गोष्ट चारचौघांत बोलून दाखवली मात्र, घराघरांतून गाठोडी बाहेर निघाली. कोणाचे जोडे पायात शिरत नव्हते, कोणाच्या शालीचा रंग चित्रातल्या रंगाचा नव्हता. फसलो ते आपणच एकटे, असं वाटून जो तो गप्प बसला होता. असली दुकानं चालतात ती ह्याच लाजेवर.

प्रकरण बाजाराच्या महाजनाकडे गेलं. तंटे तोडणारा हा म्हातारा बुधवारीच बसायचा. मधल्या गुरुवारी भरदुपारी अडत्या येसूच्या घरी आला. म्हणाला, पैसे सगळे परत घ्या, वर एक रेशमी खण घ्या, फक्त महाजनासमोर येऊ नका आणि कोणाला सांगू नका.

येसूने समोर पडलेल्या चोळ्यांकडे पाहिलं. आज पैसे मिळाले तर आजच दुसरा चष्मा करता येणार होता. "बाकीच्यांचं काय?" तिने विचारलं.

"त्यांचं ते बघतील."

"मग माझंही बुधवारीच बघू," ती म्हणाली आणि तिने खण त्याच्या हातात परत दिला.

बुधवार उजाडेपर्यंत दोन घरांनी आपली कापडं परत नेली. तरी ती बाजारात आली.

अडत्या म्हणाला, सौदा परमुलखातल्या व्यापाऱ्याचा आहे, त्याला तिकडचे नियम. महाजनाने विचारलं, पैसे कुठे घेतलेस? ह्याच बाजारात. गाठोडं कुठे दिलंस? तेही इथेच.

"देताना काय म्हणालास?"

गर्दीत कोणीतरी म्हणालं, "हसला होता."

"मग सौदा पुराच झालेला नाही, आणि परतीचे आठ दिवस अजून सुरूच झालेले नाहीत," महाजन म्हणाला. "इथे येऊन विकायचं तर इथल्या रीतीने. आणि परतीचा खर्च गिऱ्हाइकावर पडेल हे तू आधी सांगितलं नाहीस, म्हणून तोही तुझ्याकडे."

"पण तो व्यापारी मला देणार नाही हो."

"दलाली घेताना तू त्याचा माणूस होतास. परत घेताना नुसता हमाल झालास?"

त्या दिवशी सगळ्यांची गाठोडी परत गेली, सगळ्यांचे पैसे मिळाले. त्यानंतर गलबतं दोनदा आली, पण चोपडीतल्या एकाही चित्रावर कोणी बोट ठेवलं नाही. तिसऱ्या खेपेला व्यापाऱ्याने बाजाराची रीत मान्य असल्याचं पत्र धाडलं, आणि तेही मराठीत.

येसूने पैसे मिळाले त्याच दिवशी गावातल्याच काच घासणाऱ्याकडे सात काचा डोळ्यांना लावून पाहिल्या आणि आठवी घेतली. तिसऱ्या घरच्या चोळ्या वेळेवर झाल्या.

तात्पर्य काय, तर न पाहता घेतलेली वस्तू पाहून झाल्यावर परत करता येणं ही विकणाऱ्याची मेहेरबानी नाही, तो घेणाऱ्याचा हक्क आहे, मग दुकान कितीही लांब असो.

आणि मंडळी, तुम्ही स्वतः गल्ल्यावर बसत असाल तर एवढी विनंती ऐका: विकल्या मालाची नोंद ज्या ठळक अक्षरांत करता, त्याच अक्षरांत परत आलेल्या मालाचीही करा.